एल निनो येणार म्हणे, मग रान ठोक्यानं देऊ का?

पत्र, थोडक्यात: लातूर जिल्ह्यातल्या एका गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. वय ३४. पती पुण्यात कंपनीत, गावी त्या, सासरे आणि दोन मुलं. १२ एकर कोरडवाहू रान, त्यातलं ३ एकर मुरमाड. दावणीला बैलजोडी. विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवते. मार्चपासून त्यांच्या फोनवर मेसेज येताहेत: यंदा एल निनो, महादुष्काळ, पेरणीच करू नका. त्या लिहितात, “एकरी १५ हजार मातीत घालण्यापेक्षा सगळं रान शेजाऱ्याला ठोक्यानं, म्हणजे ठरावीक रक्कम घेऊन कसायला, द्यावं आणि बैल आत्ताच विकून टाकावेत, असं मला वाटतं. मामा, म्हणजे सासरे, ऐकत नाहीत. म्हणतात, असले निनो-बिनो लई बघितले, मृग निघाला की तिफण धरायची. ह्यांचं तिसरंच, २ लाख कर्ज काढून बोअर घेऊ म्हणतात. घरात गेल्या हंगामाचं २० क्विंटल सोयाबीन आहे. पाऊस कमी म्हणजे भाव चढणार, म्हणून मी ते राखून ठेवलंय. मामांना विज्ञान कसं पटवून देऊ?”

ताई,

मामांना कसं पटवायचं, हा तुमचा शेवटचा प्रश्न मी जरा बाजूला ठेवतो. आधी तुम्हाला स्वतःला जे पटलंय ते किती पक्कं आहे, ते बघू. एल निनो आला की दुष्काळ येणार आणि दुष्काळ आला की भाव चढणार, हे तुम्ही धरूनच चालला आहात. मामा अडाणी आहेत हेही, स्पष्ट लिहिलं नसलं तरी, पत्रात दिसतंच. दुष्काळाचं निम्मंअर्धं खरं आहे. भावाचं त्याहून कमी. मामांचं शेवटी बोलू.

हे प्रकरण सुरू होतं तुमच्या बांधापासून अर्ध्या पृथ्वीपलीकडे, दक्षिण अमेरिकेत पेरूच्या किनाऱ्यावर. तिथल्या समुद्राचं पाणी एरवी गार असतं, कारण खालचं थंड पाणी सारखं वर येत राहतं आणि त्याबरोबर माशांचं खाद्यही. तिथल्या कोळ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं, की नाताळच्या सुमारास कधी कधी पाणी कोमट होतं आणि जाळी रिकामी येतात. नाताळ म्हणजे बाळ येशूचा जन्म. म्हणून त्या कोमट पाण्याला नाव पडलं एल निनो, स्पॅनिशमध्ये ‘तो मुलगा’, ‘तो बाळ’. पुढं उलट्या अवस्थेला ‘ती मुलगी’, म्हणजे ला निना म्हणायला लागले.

आता त्याचा आणि आपल्या पावसाचा संबंध. प्रशांत महासागरात विषुववृत्ताच्या आसपास वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि वरचं तापलेलं पाणी ढकलत ढकलत इंडोनेशियाच्या अंगाला नेऊन साठवतात. इतकं, की तिकडची समुद्राची पातळी पेरूकडच्यापेक्षा जवळजवळ अर्धा मीटर उंच असते. त्या गरम पाण्यावरची हवा वर चढते, ढग धरतात, पाऊस होतो. काही वर्षी मात्र हे वारे ढिले पडतात. मग पश्चिमेला तुंबलेलं गरम पाणी पूर्वेकडे पसरतं आणि त्याच्यामागोमाग हवा वर चढायची जागाही हजारो किलोमीटर सरकते. एकीकडे हवा चढली की दुसरीकडे ती उतरणारच, आणि उतरणारी हवा ढगाला बाळसं धरू देत नाही. एल निनोच्या वर्षी ही उतरायची जागा बऱ्याचदा आपल्या बाजूला येते. प्रशांताच्या मधल्या पट्ट्यातलं पाणी सरासरीपेक्षा अर्धा अंश सेल्सिअसनं तापलं आणि काही महिने तसंच राहिलं, की एल निनो आला असं धरतात. अर्धा अंश! आंघोळीच्या पाण्यात आपल्याला कळणारही नाही. पण तिथं तापलेलं पाणी हजारो किलोमीटर पसरलेलं असतं.

मग मेसेज खरा की खोटा? १९५१ पासूनचा हिशोब बघितला तर पाच एल निनोंमागे साधारण तीन वेळा देशाचा मान्सून सरासरीखाली गेला आणि दोन वेळा गेला नाही. म्हणजे धोका आहे, चांगलाच आहे. १९७२, २००२, २००९, २०१५ ही सगळी एल निनोचीच वर्षं. २००९ मध्ये देशात सरासरीच्या ७८ टक्केच पाऊस झाला. पण १९९७ चा एल निनो त्या शतकातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक, आणि त्या वर्षी देशाचा पाऊस १०२ टक्के! उलट २०१४ घ्या. त्या उन्हाळ्यात जगभर ओरड होती की प्रचंड एल निनो येतोय. प्रत्यक्षात तो वर्षभर अडखळतच राहिला, धड आलाच नाही. आणि तरी देशाचा पाऊस ८८ टक्क्यांवर थांबला. आपल्या मराठवाड्यात तर त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी तूट ४० टक्क्यांच्या घरात गेली. शिवाय २०१२ आणि २०१८ आठवा. मान्सूनच्या चार महिन्यांत एल निनो जाहीर झालेला नव्हता, तरीही मराठवाडा होरपळला. २०१८ च्या ऑक्टोबरात राज्य सरकारला १५१ तालुके दुष्काळी जाहीर करावे लागले. तुमचा मेसेज यातल्या कुठल्याच वर्षाबद्दल बोलत नाही.

१९९७ ला पाऊस कसा तरला, याचं एक उत्तर आपल्या घरच्याच समुद्रात मिळालं. जपानमध्ये काम करणाऱ्या एन. एच. साजी आणि तोशियो यामागाता यांच्या गटानं १९९९ मध्ये दाखवून दिलं, की हिंदी महासागरातही असाच एक खेळ चालतो. कधी त्याची पश्चिमेची, म्हणजे आफ्रिकेकडची बाजू तापते आणि सुमात्राकडची गार पडते, कधी उलट. पेपरात त्याला इंडियन ओशन डायपोल किंवा नुसतं आयओडी म्हणतात. पश्चिम बाजू तापलेली असेल तर ते आपल्या पावसाला बहुधा मानवतं. १९९७ मध्ये ती तापली होती. २०१९ मध्येही. त्या वर्षी जून ३३ टक्के तुटीत गेला, लोक हाय खाऊन बसले, आणि सप्टेंबर संपता संपता देशाचा आकडा ११० टक्क्यांवर होता. तेव्हा नुसता ‘एल निनो येणार’ हा निरोप म्हणजे सासरच्या एकाच माणसाचं मत कळण्यासारखं आहे. बाकीच्या घराचं काय?

या सगळ्याच्या मुळाशी एक गमतीची गोष्ट आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. भारताच्या हवामान खात्यावर १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर नावाचा इंग्रज प्रमुख म्हणून आला. मूळचा केंब्रिजचा गणिती. १८७७ आणि १८९९ चे दुष्काळ ताजे होते, मान्सूनचा अंदाज आधी सांगता यावा म्हणून त्यानं जगभरच्या नोंदी मागवल्या आणि कारकुनांकडून वर्षानुवर्षं आकडेमोड करून घेतली. त्यातून त्याला दिसलं, की प्रशांताकडचा हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराकडचा कमी होतो, आणि उलट. पुढं याच दाबाच्या झोक्याचा एल निनोशी संबंध जोडला गेला तो थेट १९६९ मध्ये, जेकब ब्येर्कनेसच्या हातून. म्हणजे आज तुमच्या फोनवर जो शब्द येऊन पडलाय, त्याचा अर्धा शोध आपल्याच पावसाच्या काळजीतून लागलाय.

आता मुद्द्याची गोष्ट. हे टक्के असतात देशाचे, जून ते सप्टेंबर चार महिन्यांचे. सरासरी ८७ सेंटिमीटर, त्याच्या किती टक्के, असा तो हिशोब. तुमच्या सोयाबीनला देशाची टक्केवारी कळत नाही. २०२३ घ्या. एल निनो होता, देशाचा पाऊस ९४ टक्के झाला. ऐकायला काय वाईट आहे? पण त्यातला ऑगस्ट १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला, ३६ टक्के तूट. सोयाबीन फुलात आणि शेंगेत असतानाच पावसानं पाठ फिरवली. सप्टेंबरात पाऊस परत आला, कागदावरची सरासरी सावरली, पण गळालेली फुलं झाडाला परत चिकटत नाहीत. आणि याच्या उलटही सांगतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, हे तुम्ही पाहिलंच असेल. त्याच वर्षीच्या सप्टेंबरअखेर लातुरात पूर आला आणि मांजरा धरण भरलं. तेवढ्या सहा महिन्यांत एल निनो ओसरला होता.

कोरडवाहू शेतकऱ्याला मारतो तो दोन पावसांमधला खंड. वर्षाचा एकूण पाऊस त्यामानानं दुय्यम. आणि खंड कधी पडणार, किती दिवसांचा, हे एल निनो सांगत नाही. तो फार तर म्हणतो, यंदा खंडांची शक्यता जास्त धरा.

एक कबुली देतो. २००२ साली मी कृषी सहायक होतो. त्या वर्षीचा अंदाज सरासरीइतक्या पावसाचा होता आणि मी मोठ्या विश्वासानं तो गावोगाव सांगत फिरलो. जूनमध्ये पेरण्या झाल्या. जुलैत देशभर निम्म्याच्या आसपास पाऊस झाला. मोसमाचा आकडा शेवटी ८१ टक्क्यांवर अडकला. ऑगस्टात एका गावच्या पारावर एक म्हातारा तंबाखू मळत होता. मला बघून म्हणाला, “सायेब, तुमचा सरासरीचा पाऊस कुटं उतरलाय म्हणं?” बाकीचे हसले. मीही हसलो, पण त्या दिवसापासून ‘यंदा पेरा’ किंवा ‘यंदा पेरू नका’ असं एका वाक्यात कुणाला सांगायचं बंद केलं. तुम्हालाही सांगणार नाही.

मार्च-एप्रिलच्या मेसेजवर बैल विकू नका, हे मात्र ठामपणे सांगतो. प्रशांताचा अंदाज आपल्या उन्हाळ्यात सगळ्यात कच्चा असतो. त्या महिन्यांत समुद्र कूस बदलत असतो, म्हणून शास्त्रज्ञ स्वतःच त्या काळातल्या अंदाजाला फार वजन देत नाहीत. हवामान विभाग एप्रिलमध्ये पहिला अंदाज देतो, आणि मेअखेर सुधारित देतो. तुम्ही मेअखेरचा बघा. त्यानंतर दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज येतो, पाऊस कुठल्या आठवड्यात जोर धरेल आणि कुठल्यात ओढ देईल याचा. पेरणीसाठी तुम्हाला हवा तो हाच. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, साध्या मराठीत, पिकाच्या नावासकट. ज्या ग्रुपवर तो ‘महादुष्काळ’ आलाय, त्याच ग्रुपवर हा टाका. गावाचं भलं होईल.

आता ते घरातलं २० क्विंटल. पाऊस कमी, म्हणजे माल कमी, म्हणजे भाव जास्त, हे आडतीवर ऐकायला बरं वाटतं. पण सोयाबीनचा भाव लातूरच्या ढगावर ठरत नाही. तो ठरतो तेलावर आणि पेंडीवर, आणि पेंड जगभर फिरते. हाच एल निनो दक्षिण ब्राझील आणि अर्जेंटिनात बहुधा जास्त पाऊस पाडतो. तिथं सोयाबीनची शेतं डोळा पुरणार नाही एवढी पसरलेली. म्हणजे ज्या वर्षी तुमचं रान करपतं, त्याच वर्षी त्यांच्या गोदामात माल मावत नाही. २०२३ चा खंड सोसून ज्यांनी सोयाबीन राखलं, त्यांनी पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर ते ४,६०० रुपयांच्या हमीभावाच्याही खाली विकलं. तुमच्या शेजारीपाजारी विचारून बघा.

आणि हा संबंध आजचा नाही. १९७२ चा दुष्काळ मामांनी पाहिलाय. तेव्हा ते शाळकरी पोर असतील. त्यांना विचारा, सुकडी खाल्ली होती का, लाल मिलोची भाकर कशी लागायची, आईबापाबरोबर खडी फोडायला कुठल्या रस्त्यावर गेले होते. त्याच एल निनोत पेरूच्या किनाऱ्यावरची अँचोव्ही नावाची मासळी गेली. आधीच बेसुमार मासेमारी झालेली, त्यात पाणी तापलं. १९७० मध्ये तिथं सव्वा कोटी टनांच्या आसपास ही मासळी निघत होती, १९७३ मध्ये ती २० लाख टनांच्या आत-बाहेर आली. या मासळीची भुकटी जगभर कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात जायची. ती मिळेना, तेव्हा सगळे सोयाबीनच्या पेंडीवर तुटून पडले. भाव इतके भडकले, की जून १९७३ मध्ये अमेरिकेनं सोयाबीनची निर्यातच थांबवली. जपानसारखे गिऱ्हाईक घाबरले, त्यांनी ब्राझीलमध्ये सोयाबीन वाढवायला पैसा घातला, आणि आज तोच ब्राझील तुमचा भाव पाडतो. मामा खडी फोडत होते त्या वर्षाचा धागा तुमच्या घरातल्या थप्पीपर्यंत असा आलाय.

म्हणून सगळं राखू नका, सगळं विकूही नका. आधी त्यातलं ३ क्विंटल, सगळ्यात चांगलं भरलेलं, बियाण्यासाठी वेगळं काढा. सोयाबीन सरळ वाणाचं पीक आहे, संकरित नव्हे, म्हणून घरचं बी चालतं. दरवर्षी बॅगा आणायची गरज नाही. उरलेल्यातलं १० एक क्विंटल दोन टप्प्यांत विका आणि त्यातून खत, मजुरी, पीक विम्याचा हप्ता भागवा. विम्याचं वेगळं सांगतो: एक रुपयातला विमा २०२५ पासून बंद झालाय, आता सोयाबीनला विमा रकमेच्या २ टक्के भरावे लागतात. भरण्याआधी, भरपाई कशावर मिळणार तेवढं सेवा केंद्रावर विचारून घ्या. बाकीचं ७ क्विंटल दिवाळीपर्यंत बिनघोर राखा, भाव चढला तर तुमचं नशीब.

ठोक्याचं म्हणाल तर १२ च्या १२ एकर देऊ नका. शेजारी ठोक्यानं घेतोय म्हणजे त्याला तोच मेसेज आलेला असून तो पेरायला तयार आहे, हे तुमच्या ध्यानात आलं का? मुरमाड ३ एकर खुशाल द्या. पाऊस ताणला की आधी तेच रान माना टाकतं, आणि ठोक्याचे पैसे आधी हातात येतात. काळं ९ एकर मात्र स्वतःकडं ठेवा. त्यात सलग सोयाबीन नको. सोयाबीनच्या चार ओळींमागं तुरीच्या दोन ओळी, असं घ्या. ऑगस्टात सोयाबीन हरलं तर तूर मूळ खोल टाकून तग धरते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा उशिराचा पाऊस ती वाया जाऊ देत नाही. एखादा एकर ज्वारी टाका, कडब्यासाठी. बैल ठेवायचे तर वैरण लागेल, आणि बैल ठेवायचेच आहेत. खंडात बैलाच्या कोळप्यासारखा आधार नाही. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ हे मामांच्या तोंडून तुम्ही ऐकलंच असेल. भेगा बुजतात, ओल उडत नाही. खंड लांबला तर १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट घालून फवारणी करता येते, विद्यापीठाच्या सल्ल्यात ते येतंच. आणि रुंद वरंबा सरीचं यंत्र मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर कोळप्याला दोरी गुंडाळून ओळींमधून सऱ्या पाडून घ्या. पाऊस कमी झाला तर सरीत मुरतो, जास्त झाला तर सरीतून निघून जातो. एल निनोच्या वर्षी एका दिवसात १०० मिलिमीटर पडणार नाही, अशी हमी कुणी दिलेली नाही.

तुमच्या मिस्टरांना माझा निरोप सांगा: बोअर नको. निदान कर्ज काढून आणि दुष्काळाच्या भीतीनं तर नकोच. आपल्याकडं खाली काळा पाषाण. पाणी असतं ते वरच्या कुजलेल्या मुरमात आणि खडकाच्या चिरांत, आणि ते आलेलं असतं पावसातूनच. ज्या वर्षी पाऊस नाही त्या वर्षी ७०० फूट खाली गेलात तर बहुतेक वेळा धूळच वर येते. शिवाय, ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना राज्याचा भूजल कायदा आडवा येतो, तेही त्यांनी वाचावं. २ लाखांतला थोडा भाग विहिरीतला गाळ काढायला आणि बांधबंदिस्तीला घातला, तरी फेब्रुवारीऐवजी मार्चपर्यंत पाणी टिकेल. पुण्यात बसून दोन लाखांचं बटण दाबणं सोपं असतं, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय. चिडू नका त्यांच्यावर. लांब असलेल्या माणसाला काहीतरी मोठं केल्याशिवाय चैन पडत नाही.

आता मामा. त्यांची मृगाची तिफण तुम्हाला अडाणीपणा वाटते. पण बघा, मृग, आर्द्रा, तरणा पाऊस, म्हातारा पाऊस, आसळका, मघा, हत्ती, ही सगळी पावसाच्या तारखांची आणि खंडांची भाषा आहे. पावसाचे तेरा-चौदा दिवसांचे तुकडे पाडून त्यात कुठलं पीक कुठं बसतं, हे त्यांना पाठ आहे. एल निनोचा अंदाज जे सांगत नाही, नेमकं तेवढंच त्यांच्याकडं आहे. त्यांची चूक एवढीच, की मृग निघाला म्हणजे पेरायचं असं ते म्हणतात. मृग पंचांगात निघून चालत नाही, रानात उतरावा लागतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन खोल ओल गेल्याशिवाय आणि वाफसा आल्याशिवाय, म्हणजे चिखल ओसरून जमीन पेरण्याजोगी झाल्याशिवाय, तिफण धरू नये. पहिल्या वळवावर पेरलं आणि पंधरा दिवस ओढ दिली तर दुबार पेरणी अंगावर येते, हे त्यांनी कधीतरी भोगलंही असेल. आणि मृग कोरडा गेला म्हणून हंगाम गेला असंही नाही. सोयाबीन १५ जुलैपर्यंत पेरता येतं. मूग-उडदाला मात्र इतकं थांबण्यात अर्थ नाही. त्याच्याही पुढं गेलं तर तूर, बाजरी, सूर्यफूल आहेतच.

तेव्हा मामांना विज्ञान पटवायला जाऊ नका, त्यांच्या हातात द्या. सरळ बाजूंचा पत्र्याचा डबा घ्या, वरून खालपर्यंत सारखा, निमुळता नको. छपरापासून आणि झाडापासून लांब, उघड्यावर एका खांबावर बसवा. रोज सकाळी साडेआठला त्यात मुलाची पट्टी बुडवून बघायची. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. आकडा मामांनी पंचांगात त्या तारखेशेजारी लिहायचा आणि डबा पालथा करायचा. १०० ची बेरीज झाली की मृग असो, आर्द्रा असो, मामांनी तिफण धरावी आणि तुम्ही फोन बाजूला ठेवावा. तुमच्या महसूल मंडळात स्वयंचलित हवामान केंद्र असेल, त्याचाही आकडा मिळतो. पण मी एकाच गावात शाळेजवळच्या डब्यात ३२ मिलिमीटर आणि ओढ्यापलीकडच्या मळ्यात ७ मिलिमीटर, असा एका संध्याकाळचा पाऊस स्वतः मोजलाय. पेरणी मंडळावर होत नाही.

आणि वेगळं काढलेलं ते ३ क्विंटल. सोयाबीनची साल फार नाजूक, पोती आपटू नका, उंच थप्पी लावू नका. मेच्या शेवटी त्यातले न निवडता शंभर दाणे घ्या, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, वर दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. रोज थोडं पाणी शिंपडायचं. मुलांना सांगितलं तर ती आवडीनं करतील. सातव्या-आठव्या दिवशी उघडून धड कोंब आलेले मोजा. ७० किंवा वर निघाले तर एकरी ३० किलोचं प्रमाण धरा. ६० च्या आसपास निघाले तर त्या प्रमाणात बी वाढवा. त्याहून खाली आलं तर मला लगेच लिहा, बॅगा आणायच्या आधी.